सरासरी आयुष्य कोण जगतो?

"भारतात माणूस सरासरी सत्तर वर्षं जगतो. मी अडुसष्टचा. म्हणजे राहिली दोन." देवळाच्या मंडपात, बसच्या रांगेत, तेराव्याच्या पंगतीत हा हिशेब सर्रास ऐकू येतो. वजाबाकी बरोबर असते, पण ज्या आकड्यातून ती केली जाते तो आकडा अडुसष्ट वर्षांच्या माणसाचा नसतोच. तो आज जन्मलेल्या बाळाचा असतो, आणि तेही खऱ्या बाळाचा नाही.

कोष्टक असं मांडतात. एक लाख काल्पनिक बाळं एकाच दिवशी जन्मली असं धरायचं. यंदा आपल्याकडे पहिल्या वर्षात जितक्या प्रमाणात बाळं दगावली, तितकी त्या लाखातून वजा करायची. उरलेल्यांना यंदाचा एक ते चार वर्षांचा मृत्युदर लावायचा, मग पाच ते नऊचा, आणि असं करत पंचाऐंशीच्या पुढं जायचं. सगळ्यांनी मिळून जगलेली वर्षं मोजायची आणि लाखानं भागायचं. येणारा भागाकार म्हणजे जन्मवेळचं सरासरी आयुर्मान. ती बाळं पुढची सत्तर-ऐंशी वर्षं यंदाच्याच रोगराईत, यंदाच्याच औषधांवर आणि यंदाच्याच रस्त्यांवर काढतील, असं इथं गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे हा आकडा भविष्य सांगत नाही. यंदा कोणत्या वयाला किती माणसं गेली, याचा तो एका ओळीत मांडलेला जमाखर्च आहे. धूमकेतूसाठी ओळखल्या जाणाऱ्या एडमंड हॅलीनं १६९३ साली युरोपातल्या ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असं कोष्टक मांडलं होतं. वर्षासन (आज ठोक रक्कम भरायची आणि मरेपर्यंत दरवर्षी ठराविक पैसे घ्यायचे) विकताना कोणत्या वयाच्या माणसाकडून किती पैसे घ्यावेत, हा त्यातला व्यवहारी प्रश्न होता.

आता एक छोटं गणित. हजार बाळांतली दोनशे पहिल्या वर्षातच जातात आणि उरलेली आठशे बरोबर साठाव्या वर्षी मरतात, असं समजा. सरासरी येते अठ्ठेचाळीस. पुढच्या पिढीत पहिल्या वर्षात फक्त दहा बाळं जातात, बाकीची पुन्हा साठालाच मरतात. सरासरी होते एकोणसाठच्या वर. अकरा वर्षं वाढली, पण एकही म्हातारा एक दिवससुद्धा जास्त जगला नाही. "पूर्वी लोक तिशीतच मरत" हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. पूर्वीही आजोबा-पणजोबा होते. त्यांची भावंडं मात्र पाळण्यातच गेलेली असत.

देशाच्या आकड्यांत हेच दिसतं. नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७०–७५ मध्ये भारताचं जन्मवेळचं आयुर्मान ४९.७ वर्षं होतं, २०१६–२० मध्ये ते ७०.० झालं. वाढ वीस वर्षांची. त्याच काळात साठी गाठलेल्या माणसाचं उरलेलं आयुष्य चौदाच्या आसपासून अठराच्या आसपास आलं, म्हणजे वाढ जेमतेम चार वर्षांची. अडुसष्टच्या त्या गृहस्थांच्या वाट्याला सरासरीनं अजून बारा-तेरा वर्षं येतात, कारण बालपणीचे आजार, बाळंतपणं, अपघात आणि पन्नाशीतले हृदयविकार ओलांडून ते इथवर आलेले आहेत. ज्यांनी सरासरी खाली ओढली, ते त्यांच्याबरोबर मंडपात बसलेले नाहीत.

मृत्यू कोणत्या वयाला येतो हे सगळ्यांत जास्त कशावर ठरतं, असं विचारलं की लोक रक्त, घराणं, नशीब यांची नावं घेतात. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या प्रसिद्ध अभ्यासात आयुष्याच्या लांबीतल्या फरकाचा जवळपास चौथा भागच अनुवंशाकडे गेला होता. बाकीच्या तीन हिश्श्यांत पाणी मोठा वाटा घेतं, आणि त्याचा पुरावा जुने गोवे. सोळाव्या शतकात हे पोर्तुगिजांची राजधानी आणि आशियातलं भरभराटीचं बंदर होतं. १५४३ मध्ये इथं आलेल्या मोडशीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीचं वर्णन पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोर्रेयानं करून ठेवलंय. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा औषधींवरचा ग्रंथ याच शहरात छापला गेला, आणि त्यातही हा रोग आहे. शहर चिऱ्याच्या जमिनीवर उभं होतं. चिरा भोकाभोकांचा, पाणी झिरपू देणारा दगड. घराच्या मागं शौचखड्डा, पुढं विहीर आणि मधे हा चिरा. त्यावर जूनमध्ये पाऊस उभा राहिला की खड्डा आणि विहीर जमिनीखालून एक होत. साथी येत राहिल्या, वस्ती उठत गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीत राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. देवळांवर, चर्चांवर, किल्ल्यांवर आपण पानंच्या पानं लिहितो. ही राजधानी उठवण्यात विहिरींचा जो हात होता, त्यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही.

तो चिरा अजून आपल्या पायांखाली आहे आणि गोव्यातल्या हजारो घरांत विहीरही आहे. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा, आणि जमिनीचा उतार विहिरीकडून खड्ड्याकडे हवा, उलटा नको. जुनं घर भावांत वाटलं जातं, परसात दुसरं घर उठतं आणि नव्या घराचा खड्डा जुन्या विहिरीच्या उशाशी येतो. गोंधळ नेमका इथं होतो. कायदा माहीत असतो, पण जागा नसते.

पावसाळ्यात विहीर शुद्ध करताना ब्लीचिंग पावडर मुठीनं टाकायची सवय आहे. ती सोडावी. आधी पाणी मोजायचं. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, पाण्याच्या खोलीनं गुणायचं, ३.१४ नं गुणून चारनं भागायचं. उत्तर घनमीटरमध्ये येतं, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. दोन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर साधारण ९,४०० लिटर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर हा ठोकताळा, म्हणजे या विहिरीला २३–२४ ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडर बादलीत घालून थोड्या पाण्यात आधी लापशीसारखी कालवायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं ठेवून द्यायची. खाली चुना बसतो. वरचं निवळ तेवढंच दुसऱ्या बादलीत घ्यायचं, कारण चुना विहिरीत गेला की पाणी जड होतं. ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून वरखाली, आडवी हिसडायची, म्हणजे क्लोरीन सगळीकडे पसरतं. त्यानंतर तासभर पाणी काढायचं नाही. तासाभरानं लिटरमागं अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलं तर काम झालं. ते तपासायचा छोटा संच आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांकडे असतो. उघड्या पिशवीतली, वर्षभर मोरीत पडलेली पावडर वापरली की सगळं विधिवत होऊनही उपयोग शून्य. हवा आणि ओल लागली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं आणि हातात उरतो तो चुनाच.

पाणी, लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणं या पहिल्या लढाईत गोवा जिंकला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथला बालमृत्यूदर हजारी ५.६ निघाला, देशाचा ३५.२. त्या गणितातली बाळं वाचली. यापुढं सरासरी वाढायची तर ती चाळीस ते पंचाहत्तर या वयात वाढली पाहिजे, आणि तिथं आपली गोष्ट तितकीशी देखणी नाही.

ती सांगण्याआधी आकड्यांविषयी थोडं. भारताच्या आयुर्मान कोष्टकांत केरळ सापडतं, दिल्ली सापडते, गोवा सापडत नाही. नमुना नोंदणीची ही कोष्टकं मोठ्या राज्यांपुरतीच निघतात. राज्य लहान, नमुना लहान, आणि वीस-पंचवीस मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी आकडा हलतो. मग लोक ठोक मृत्युदर घेतात, म्हणजे हजार माणसांमागं वर्षाला किती मेले, आणि भलतीच तुलना करतात. २०२० मध्ये केरळचा ठोक मृत्युदर ७.० होता, बिहारचा ५.४. केरळ बिहारहून आजारी आहे असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. केरळात म्हातारी माणसं जास्त, म्हणून मृत्यू जास्त. गोव्याचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२.

दुसरा घोळ आपल्या भूगोलानं केलेला. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू जिथं घडतो तिथं नोंदवला जातो. सिंधुदुर्गातला, कारवारचा, बेळगावकडचा गंभीर रुग्ण बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) येतो, तिथं गेला तर नोंद गोव्यात. उलट लंडनला, लिस्बनला, आखातात किंवा बोटीवर गेलेला गोंयकार इथल्या वहीत कधीच येत नाही. बाहेरच्यांचे मृत्यू अंशात आणि बाहेर गेलेल्यांची कुटुंबं छेदात, असला अपूर्णांक कितीही दशांशांपर्यंत काढला तरी व्यर्थ. आकडे मृताच्या राहत्या पत्त्यानुसार वेगळे करावे लागतात, आणि त्यासाठी अर्जावरचा पत्त्याचा रकाना नीट भरलेला असावा लागतो. घाईत नातेवाईक गोव्यातल्या पाहुण्याचा पत्ता देऊन मोकळे होतात.

मृत्यूच्या कारणाच्या बाबतीत मात्र गोव्याची कागदपत्रं देशात उजवी. २०२० मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण होतं. गोव्यात जवळपास सगळ्यांना. पण प्रमाणपत्र असणं वेगळं आणि ते उपयोगाचं असणं वेगळं. प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात. वर तात्काळ कारण, खाली ते कशामुळं, आणि सगळ्यांत खाली मूळ. "अ: जंतुसंसर्ग रक्तात पसरणे. ब: पायाची कुजलेली जखम. क: मधुमेह, अठरा वर्षे." यातून सरकारला कळतं की हा मृत्यू मधुमेहाच्या खात्यावर मांडायचा. "हृदय व श्वसन बंद पडणे" एवढंच लिहिलं की काही कळत नाही. हृदय आणि श्वास प्रत्येकाचेच बंद पडतात, मृत्यूचा तो अर्थच आहे. रात्रपाळीचा दमलेला शिकाऊ डॉक्टर एवढेच शब्द लिहून मोकळा होतो आणि एक माणूस आकडेवारीतून दुसऱ्यांदा जातो.

वयाची खात्रीही लागते. जगात शंभरी पार केलेल्यांच्या गावांची मोठी कौतुकं चालतात: ओकिनावा, सार्डिनिया, इकारिया. त्यातलं सगळंच खोटं नाही. पण २०१० मध्ये जपाननं आपल्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा दोन लाखांहून जास्त "शतायुषी" जागेवर सापडलेच नाहीत. टोकियोत एका घरात कागदोपत्री एकशे अकरा वर्षांच्या माणसाचा तीस वर्षांपूर्वीचा सांगाडा निघाला. पेन्शन चालू होती. जिथं जन्मनोंदणी ढिसाळ तिथं शतायुषी जास्त, असं दाखवणाऱ्या सॉल न्यूमन यांना २०२४ मध्ये इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं, आणि तो विनोद नव्हता. गोव्यात नागरी नोंदणीच्या वह्या १९१४ पासून आहेत, त्यामुळे इथल्या नव्वदीच्या आजीचं वय "पुराच्या साली जन्म" अशा अंदाजावर सोडायची गरज नाही. जगातलं आतापर्यंत कागदांनी मान्य झालेलं सर्वांत मोठं वय १२२ वर्षं १६४ दिवस. फ्रान्समधल्या आर्ल गावची झान कालमाँ, १९९७ मध्ये गेली.

आता चाळिशीपुढचं. बेंजामिन गोम्पर्ट्झ या विमा-गणितज्ञानं १८२५ मध्ये एक गोष्ट दाखवली आणि दोनशे वर्षांत ती फारशी ढळलेली नाही. प्रौढ माणसाचा मरणाचा धोका ठराविक काळानं दुप्पट होतो, साधारण दर आठ वर्षांनी. चाळिशीत जो धोका आहे तो अठ्ठेचाळीसला दुप्पट, छप्पन्नला चौपट, ऐंशीला बत्तीसपट. यातून एक न पटणारी गोष्ट निघते. उद्या कर्करोग जगातून पार नाहीसा झाला तरी पुढारलेल्या देशांतलं सरासरी आयुर्मान तीनेक वर्षांनीच वाढेल. कर्करोगातून वाचलेला पंचाहत्तरचा माणूस हृदय, मेंदू, फुप्फुस, मूत्रपिंड यांच्या त्याच रांगेत उभा असतो. एकेक रोग मारण्यापेक्षा अनेक रोगांना एकदम मागं ढकलणाऱ्या गोष्टी जास्त फळतात, त्या याच कारणानं. तंबाखू, रक्तदाब, साखर आणि हालचाल ही त्यातली थोरली चार नावं.

तंबाखूत गोवा देशात सर्वांत चांगला. २०१६–१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात इथलं प्रमाण ९.७ टक्के, त्रिपुरात ६४.५. साखरेत गोवा देशात सर्वांत वाईट. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात प्रौढांतला मधुमेह ११.४ टक्के निघाला, गोव्यात २६.४. चारांत एक. गोव्याची लोकसंख्या वयस्क आहे, हा या आकड्याचा एक भाग. बसून केलेली नोकरी, दारातली दुचाकी आणि दिवसातून दोनदा शीत, म्हणजे भात, हा दुसरा.

शीत सोडा असं इथं कोणी सांगू नये. सांगणारा स्वतः सोडत नाही आणि ऐकणाऱ्याचा विश्वास जातो. सांगण्यासारखं आहे ते प्रमाण. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं येतात, आणि आपल्या ताटातला डोंगर त्याच्या अडीच-तीनपट असतो. उकडे तांदूळ पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा साखर जरा सावकाश चढवतात. पण उकडे म्हणून दुप्पट खाल्ले की तो फायदा संपला. दहा वाजताची पेज पचायला हलकी असली तरी साखरेला हलकी नाही, दाणे फुटून घोटलेली असली तर नाहीच. हुमणातली मासळी आधी, भाजी आधी, शीत शेवटी आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या, एवढ्यानं जेवणानंतरची चढ बोथट होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ ला पोचली की मधुमेह. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि तिथून मागं फिरणं अजून जमण्यासारखं असतं.

मधुमेहाच्या माणसाला साखरेइतकाच रक्तदाब मारतो, हे मात्र दवाखान्याबाहेर कोणाला खरं वाटत नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या मधुमेह अभ्यासात १९९८ मध्ये दिसलं की रक्तदाब कडकपणे ताब्यात ठेवल्यावर मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले. तरी घरात ग्लुकोमीटर असतो, दाब मापायचा पट्टा नसतो. असला तरी दाब चुकीचा मापला जातो. मापण्याआधी अर्धा तास चहा नाही, विडी नाही. लघवी करून यायचं. पाठीला टेका, पाय जमिनीवर सपाट, मांडी आडवी नाही, पाच मिनिटं गप्प. दंड हृदयाच्या उंचीवर टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर माप खोटं वर जातं. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मापून सरासरी लिहायची. शेजारीण टीव्हीवरची मालिका सांगत असताना मापलेला रक्तदाब मालिकेचा असतो.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चमचा. आपल्याकडे ते डब्यातून कमी आणि इतर वाटांनी जास्त येतं: खारवलेला बांगडा, मिठातल्या आंब्याच्या फोडी, सुंगटांचं किसमूर, पापड, पेजेबरोबरचं लोणचं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की दोन महिने जेवणाला चव याच गोष्टी देतात आणि त्याच दिवसांत दाब चढतात. खारा मासा दोन पाण्यांत भिजवून पाणी फेकलं तर बरंचसं मीठ जातं. चीनमधल्या सहाशे गावांतल्या चाचणीत चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले. २०२१ चा हा निष्कर्ष. असं मीठ आता दुकानात मिळतं. पण मूत्रपिंड दुबळं असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तातलं पोटॅशियम चढलं की हृदयाचा ताल बिघडतो.

सगळ्यांत मोठी गळती गोळी थांबवण्यातून होते. दाब १२० वर आला, म्हणजे बरा झाला, म्हणून गोळी बंद. तो १२० गोळीचा होता. आणि छातीत दुखलं की "गॅस झाला" म्हणून सोडा पिऊन झोपायचं. काणकोणहून बांबोळीला पोचायला सत्तरेक किलोमीटर. जवळच्या केंद्रात इसीजी काढून गोमेकॉला पाठवायचा आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच द्यायचं, अशी सोय गोव्यात स्टेमी (हृदयविकाराच्या झटक्यावरच्या) प्रकल्पातून झाली आहे. पहिल्या तासात ते मिळालं तर स्नायू वाचतो, बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. घाम फुटलेला, जबडा किंवा डावा हात दुखणारा माणूस स्कूटरवर मागं बसवून नेऊ नये. १०८ बोलवावी.

पुरुषांची बाजू आणखी दोन गोष्टींनी लंगडी: दारू आणि रस्ता. रस्त्यावर गोव्यात वर्षाला अडीचशे-तीनशे माणसं जातात. बावीस वर्षांचा मुलगा हेल्मेटविना गेला की सरासरीच्या हिशेबातून पन्नास वर्षं जातात, ऐंशीचे आजोबा गेले की सात-आठ. देशात बाया पुरुषांपेक्षा जवळपास तीन वर्षं जास्त जगतात (२०१६–२० मध्ये ७१.४ आणि ६८.६), आणि लग्नात नवरा चार-पाच वर्षांनी मोठा. या दोन फरकांची बेरीज म्हणजे मोठ्या घरात एकटी राहणारी बाई. गोव्याचा एकूण जननदर १.३ आहे आणि मुलगा बहुतेक वेळा बाहेरगावी. म्हातारपणाचं धोरण आखणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवायचा चेहरा हाच.

तिला काय मारतं? कागदावर हृदय, न्यूमोनिया, मूत्रपिंड. त्याआधी, दोन-चार वर्षं, मांडीचा स्नायू. तिशीनंतर दर दशकाला स्नायू काही टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर वेग वाढतो. रात्री पेज आणि लोणचं खाऊन झोपणारी पंचावन्न किलोची आजी प्रथिनांत नेहमी मागं राहते. किलोमागं एक ते सव्वा ग्रॅम हवं, म्हणजे तिला रोज ५५ ते ६९ ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम मिळतात. दात नसले तर बांगडा उकडून, काटे काढून, हुमणात कुस्करून द्यावा. दात नाहीत म्हणून मासळी बंद करणं ही प्रेमानं केलेली उपासमार आहे.

ताकद घरात मोजता येते. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी, पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं. आशियाई निकषांत बारा सेकंदांहून जास्त लागले तर स्नायू कमी पडतायत. पोटरीचा घेर मापटेपनं बघायचा, बाईचा ३३ सेंटिमीटरच्या आत, पुरुषाचा ३४ च्या आत असेल तर तोच इशारा. उपाय हाच व्यायाम: दिवसातून दोन-तीन वेळा दहा उठाबशा खुर्चीवरून, ओट्याला धरून टाचा वर. फक्त चालण्यानं दम वाढतो, मांडी फारशी वाढत नाही.

चक्कर वेगळी तपासावी. पाच मिनिटं आडवं ठेवून दाब घ्यायचा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला तर रात्री लघवीला उठताना ती पडणार. अशा वेळी गोळ्यांची वेळ आणि मात्रा डॉक्टरकडून बदलून घ्यायची, आपणहून नाही. झोपेची गोळी हा दुसरा संशयित.

जून ते सप्टेंबर अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. ते गणपतीआधी नव्हे, पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत ताठ ब्रशनं खरवडावं लागतं. न्हाणीत पकडायचा दांडा जमिनीपासून ८५–९० सेंटिमीटरवर, भिंतीत खिळे ठोकून नव्हे तर बोल्टनं, आणि ओढून पाहिलेला. टॉवेलचा दांडा पकडूनच माणसं पडतात. तो वजन घेण्यासाठी नसतो. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी चौथा-पाचवा हिस्सा वर्षभरात जातो, बहुतेक अंथरुणाला खिळल्यामुळं. म्हणून शस्त्रक्रिया शक्य असेल तर ती एक-दोन दिवसांत व्हावी आणि दुसऱ्या दिवशी उभं करावं. "जरा विश्रांती घेऊ दे" हा सल्ला इथं घात करतो.

एकटी राहणारी बाई पडली आणि हाड मोडलं नाही, तरी तासाभराहून जास्त फरशीवर पडून राहणं स्वतःच धोक्याचं. दाबलेला स्नायू कुजतो, त्याचं विष मूत्रपिंडात जातं, ओल्या लादीनं अंग गार पडतं. उठायची पद्धत शिकवून, गादीवर दोन-चारदा करवून घ्यावी. आधी गप्प पडून श्वास घ्यायचा, हातपाय हलवून बघायचे. खुब्यात कळ आली किंवा पाय वाकडा दिसला तर उठायचंच नाही. ठीक असेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर उचलायचं, मग हात-गुडघ्यांवर. तसंच रांगत जड खुर्ची किंवा पलंगापाशी. दोन्ही हात बैठकीवर, बळकट पाय पुढं टेकवायचा, ढकलून वळायचं आणि बसायचं. बसल्यावर निदान पाच मिनिटं उठायचं नाही. साधा बटणांचा फोन, मोठ्या अक्षरांचा, ओट्यावर किंवा कपाटावर नको, गळ्यात दोरीनं. न्हाणीत जातानासुद्धा.